लसीकरणाचे कार्ड सापडत नसेल तर: अमेरिकेच्या स्थलांतर वैद्यकीय तपासणीची नाशिकहून करावयाची तयारी

अमेरिकेच्या कायमस्वरूपी वास्तव्याच्या व्हिसासाठी मुलाखतीचे पत्र आले की आनंदाच्या पाठोपाठ घरात एक प्रश्न उभा राहतो: लहानपणी घेतलेल्या लसींचा पुरावा आणायचा कोठून? वैद्यकीय तपासणीला येताना लसीकरणाच्या नोंदी सोबत आणाव्यात, असे सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. आणि ज्यांचा जन्म चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी निफाड, सिन्नर किंवा दिंडोरी तालुक्यातील एखाद्या गावात, घरीच सुईणीच्या हातून झाला, त्यांच्याकडे अशी नोंद असण्याची शक्यता फारच कमी असते. माझ्या थोरल्या बहिणीच्या कुटुंबाची ही सगळी तयारी मी करून घेतली. अमेरिकेतील आमच्या भावाने भरलेल्या अर्जाची पाळी यायला दीड दशकाहून अधिक काळ गेला होता, आणि पाळी आली तेव्हा ताईने एका हरवलेल्या कार्डापायी जेवण टाकले होते. ती काळजी अनाठायी होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. नाशिकमधील इतर कुटुंबांना ते वेळेवर कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम ही अट नेमकी कोणाला लागू आहे, ते पाहू. १९९६ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार, कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या अर्जदाराने ठरावीक लसी घेतल्याचा पुरावा देणे बंधनकारक झाले. शिक्षणासाठी किंवा एच-१बी व्हिसावर नोकरीसाठी जाणाऱ्यांना वकिलातीकडून सहसा ही तपासणी सांगितली जात नाही, मात्र बरीच विद्यापीठे स्वतंत्रपणे एमएमआरच्या, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलावरील संयुक्त लसीच्या, दोन मात्रांचा पुरावा मागतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनाही खालील माहितीचा काही भाग उपयोगी पडेल. कॅनडाच्या स्थलांतर तपासणीत लसीकरणाची अट नाही, तेव्हा तेथे गेलेल्या नातेवाइकांच्या अनुभवावरून अमेरिकेचा अंदाज बांधू नये. तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, म्हणजे पॅनेल फिजिशियनकडेच, करावी लागते आणि त्यासाठी नाशिककरांना सहसा मुंबई गाठावी लागते. ते डॉक्टर लसींची माहिती डीएस-३०२५ या फॉर्मवर भरतात. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा, याचे नियम सीडीसी ही अमेरिकेची आरोग्यसंस्था ठरवते, आणि त्यांची अंमलबजावणी पॅनेल डॉक्टरांच्या हाती असते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे मत कितीही अनुभवी असले तरी येथे अखेरचा शब्द पॅनेल डॉक्टरांचाच असतो.

पहिली पायरी: आपल्या वयाला कोणत्या लसी लागतात, ते ठरवणे

कपाटे आणि पेट्या उपसण्याआधी ही यादी करावी, कारण लसींची आवश्यकता वयावर ठरते आणि घरातील प्रत्येकाची यादी वेगळी निघते. सात वर्षांवरील सर्वांना धनुर्वात आणि घटसर्प यांची संयुक्त लस, म्हणजे टीडी किंवा डांग्या खोकल्यासह असलेली टीडॅप, लागते. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एमएमआर लस १९५७ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लागते. त्याआधी जन्मलेल्या आईवडिलांना ती लागत नाही. कांजिण्यांची लस एक वर्षापुढील सर्वांसाठी आहे. हिपॅटायटिस बी, म्हणजे ज्याला आपण ‘ब’ प्रकारची कावीळ म्हणतो, तिची लस साठीच्या आतील सर्वांना, पोलिओची सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना, मेनिंगोकोकलची (मेंदूज्वरावरील) अकरा ते अठरा या वयोगटाला आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरील) अगदी लहान मुलांना व ज्येष्ठांना लागते. फ्लूची लस हंगामानुसार दिली जाते. पाच वर्षांखालील मुलांची यादी याहून लांब आहे, परंतु त्यांची कार्डे बहुधा घरात सापडतात, म्हणून तिच्या तपशिलात येथे जात नाही.

ही यादी कायम राहत नाही. कोविडची लस १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीची झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ती सक्ती उठली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यांची यादी उतरवून घेण्याऐवजी, वेळ ठरवताना पॅनेल डॉक्टरांच्या दवाखान्याने दिलेली यादीच प्रमाण मानावी.

दुसरी पायरी: जुने कार्ड सापडले तरी त्यातून किती मिळेल, याचा हिशेब

हा हिशेब आम्ही आधी केला असता, तर आमचा एक महिना वाचला असता. भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. गोवराची लस त्याच सुमारास सरकारी यादीत आली आणि कार्यक्रम एकेका जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने पोचला. ज्यांचे बालपण त्या काळात किंवा त्याआधी गेले, त्यांच्या कार्डावर, ते जपून ठेवले असते तरी, फार तर बीसीजी (क्षयरोगाची लस), त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात), पोलिओ आणि कदाचित गोवर एवढ्याच नोंदी असत्या. यांपैकी बीसीजी अमेरिकेच्या यादीत नाही. पोलिओची लस प्रौढांच्या वरील यादीत नाही. गोवराची एकेरी लस गालगुंड आणि रुबेलाची उणीव भरून काढत नाही. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नव्हतीच, आणि हिपॅटायटिस बीची लस २००२ नंतर काही भागांत व २०११ च्या सुमारास देशभर आली. म्हणजे १९७४ मध्ये जन्मलेल्या माझ्या बहिणीचे कार्ड चमत्काराने सापडले असते, तरी मुंबईत तिला जवळजवळ तेवढ्याच सुया टोचून घ्याव्या लागल्या असत्या. हे लक्षात आल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, तो मी विसरणार नाही.

प्रौढांनी म्हणूनच शोधासाठी फार तर दोन आठवडे द्यावेत. मुलांच्या आणि तरुणांच्या बाबतीत मात्र शोध मनापासून करावा, कारण त्यांच्या नोंदी असतात, उपयोगी असतात आणि थोड्या प्रयत्नाने मिळतात.

तिसरी पायरी: नाशिकमध्ये नोंदी कोठे शोधाव्यात

सुरुवात घरापासूनच करावी. माता-बाल संरक्षण कार्ड, बालरोगतज्ज्ञांची फाइल, शाळेतील आरोग्य तपासणीचे कार्ड आणि जन्मदाखल्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेले कागद नीट पाहावेत. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. बऱ्याच खासगी दवाखान्यांत लसीकरणाची वेगळी वही किंवा संगणकीय नोंद ठेवलेली असते आणि जुना रुग्ण म्हणून विनंती केली तर ती लेटरहेडवर उतरवून मिळते. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवावेत आणि मागणी केल्यावर ७२ तासांत द्यावेत, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत दंडक आहे. पण तो आंतररुग्णांपुरता आणि तीन वर्षांपुरताच आहे, त्यामुळे जुन्या लसीकरणाची नोंद न मिळाल्यास डॉक्टरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सरकारी लस घेतली असेल, तर ती कोणत्या केंद्रात घेतली, हे आठवणे महत्त्वाचे आहे. शहरात जन्मलेल्यांनी महानगरपालिकेच्या रुग्णालयांत, म्हणजे कथड्यातील डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात किंवा नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयात, आणि आपल्या प्रभागातील आरोग्य केंद्रात चौकशी करावी. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर यांचा कारभार निरनिराळ्या नगरपालिकांकडे होता, हे जुन्या नोंदी मागताना ध्यानात ठेवावे. देवळाली कॅम्पच्या रहिवाशांनी छावणी मंडळाच्या रुग्णालयात, तर ओझरच्या एचएएल वसाहतीत वाढलेल्यांनी कारखान्याच्या रुग्णालयात विचारावे. खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रातील परिचारिकेची नोंदवही आणि अंगणवाडी ही तीन ठिकाणे आहेत. नोंद आहे, पण उतारा मिळत नाही, अशी अडचण आली, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि त्यावर तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक असते. अर्थात तेवढा वेळ हाताशी असेल तरच हा मार्ग धरावा.

घरातील वडीलधारी माणसे तारीख सांगत नाहीत, ती प्रसंग सांगतात. माझ्या भाच्याच्या आजीला एवढेच आठवत होते, की सिंहस्थाची गर्दी ओसरली त्याच्या पाच वर्षांनी नातू झाला आणि कांदे काढायच्या दिवसांत त्याला टोचायला नेले. २००३ चा सिंहस्थ धरून हिशेब केला, तेव्हा उपकेंद्राच्या कोणत्या वर्षाच्या नोंदवह्या पाहायच्या, ते ठरले आणि भाच्याची नोंद खरोखरच सापडली. ‘बाळाचे नाव’ या रकान्यात मात्र त्याच्या आईचे नाव लिहिलेले होते, कारण तेव्हा बारसे झालेले नव्हते. अशा वेळी जन्मदाखला सोबत जोडावा, म्हणजे आईचे नाव आणि जन्मतारीख जुळवून ही नोंद त्याच मुलाची आहे, हे डॉक्टरांना पटते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह प्रमाणपत्राची प्रत न्यावी.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम राबवली गेली आणि नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना ती लस शाळाशाळांतून दिली गेली. त्या वेळचे कार्ड घरात असेल, तर ते जरूर न्यावे. गोवर आणि रुबेलाची एक मात्रा त्यातून सिद्ध होते. गालगुंड मात्र त्यात नाही. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर पाजलेल्या थेंबांचा पुरावा म्हणजे करंगळीवरची शाई, आणि ती केव्हाच पुसली गेलेली असते. त्या मात्रांचा आधार घेता येत नाही.

कोणता पुरावा चालतो आणि कोणता चालत नाही

नियम थोडक्यात असा आहे: लस देणाऱ्या डॉक्टरांनी किंवा आरोग्यकेंद्राने केलेली लेखी नोंद हवी, तिच्यात लसीचे नाव आणि दिवस, महिना, वर्ष अशी पूर्ण तारीख हवी, आणि कागदावर खाडाखोड नसावी. ‘सर्व लसी वेळेवर दिल्या आहेत’ असे मोघम प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, त्यामुळे ०५-०८ ही तारीख मे महिन्याची की ऑगस्टची, असा घोळ होऊ शकतो. नवा उतारा करून घेताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहून घ्यावे.

प्रतिज्ञापत्राविषयी नाशिकमध्ये मोठा गैरसमज आहे. जन्माची नोंद नसेल, तर आईवडिलांचे किंवा जवळच्या नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र व्हिसाच्या कामी पूरक पुरावा म्हणून घेतले जाते, आणि त्यावरून लोक असे गृहीत धरतात, की लसींसाठीही स्टॅम्प पेपरवर तसेच लिहून दिले की भागेल. ते चालत नाही. अर्जदाराची किंवा नातेवाइकांची तोंडी अथवा नोटरी केलेली आठवण लसीचा पुरावा म्हणून स्वीकारली जात नाही. दंडावरचा बीसीजीचा किंवा देवीच्या लसीचा व्रण खरा असला, तरी त्या दोन्ही लसी यादीतच नाहीत.

आजार होऊन गेल्याचे सांगणे फक्त कांजिण्यांच्या बाबतीत उपयोगी पडते: केव्हा झाल्या, अंगावर फोड कसे होते, घरात आणखी कोणाला झाल्या होत्या, हे विश्वासार्ह रीतीने सांगता आले आणि डॉक्टरांचे समाधान झाले, तर ते तशी नोंद करू शकतात. गोवराबद्दल तसे नाही. आपल्याकडे अंगावर पुरळ उठले, की ‘गोवर निघाला’ म्हणण्याची रीत आहे, आणि त्यातला प्रत्येक आजार गोवरच होता, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेथे रक्तचाचणी हवी.

चौथी पायरी: रक्तचाचणीचा मार्ग

शरीरात त्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडे आहेत, हे रक्तातून दाखवता आले, तर लसीची गरज राहत नाही. या चाचणीला टायटर म्हणतात. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांसाठी ती ग्राह्य आहे. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांसाठी नाही. तेथे लेखी नोंद किंवा नवी लस, एवढेच दोन पर्याय उरतात. चाचणी आयजीजी प्रतिपिंडांची सांगावी, आयजीएमची नव्हे, कारण आयजीएम ताज्या संसर्गाचा शोध घेण्यासाठी असते. हिपॅटायटिस बीच्या प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक असेल, तर संरक्षण आहे, असे मानतात.

या चाचण्या नाशिकमधील मोठ्या प्रयोगशाळांतून होतात, परंतु बाहेरचा अहवाल स्वीकारायचा की नाही, हे पॅनेल डॉक्टर ठरवतात. म्हणून आधी त्यांच्या दवाखान्यात फोन करून विचारावे आणि मगच पैसे खर्च करावेत. माझे स्वतःचे मत असे आहे, की कांजिण्यांची आठवण पक्की असूनही डॉक्टरांचे समाधान होण्याची खात्री नसेल, किंवा गर्भधारणेमुळे अथवा आजारामुळे लस घेता येत नसेल, तर टायटर करावी. धडधाकट प्रौढाने एमएमआरसाठी तीन-तीन चाचण्या करण्यापेक्षा लस घेणे सोपे आणि बहुधा स्वस्तही पडते. पूर्वी घेतलेली एमएमआर पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही. धनुर्वाताच्या लसीचे मात्र तसे नाही: थोड्या काळात तिच्या पुष्कळ मात्रा झाल्यास दंड फार सुजतो, तेव्हा गेल्या काही वर्षांत जखमेनंतर इंजेक्शन घेतले असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे.

पाचवी पायरी: उरलेल्या लसी नव्याने घेणे

सर्वाधिक दिलासा देणारी गोष्ट येथे आहे. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रांना सहा महिने लागतात आणि एमएमआरच्या दोन मात्रांत किमान २८ दिवसांचे अंतर हवे. परंतु व्हिसासाठी सगळ्या मात्रा पूर्ण होण्याची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक आवश्यक लसीची त्या वेळी देय असलेली एक मात्रा घेतली, की पुढील मात्रेसाठी पुरेसे अंतर झालेले नाही, अशी नोंद फॉर्मवर होते आणि तेवढ्यापुरती सूट आपोआप मिळते. पॅनेल डॉक्टरांकडे लसी त्याच दिवशी टोचून घेता येतात. खर्च अर्थातच अर्जदाराचा. काही कुटुंबे आधी नाशिकमध्ये लसी घेतात, तेही योग्यच आहे, मात्र त्यात तीन ठिकाणी चूक होते.

पहिली चूक आमच्याच घरात झाली. माझ्या मेहुण्यांनी एका दवाखान्यात ‘धनुर्वाताचे इंजेक्शन द्या’ असे सांगितले आणि त्यांना टीटी देण्यात आले. टीटीमध्ये घटसर्पाचा अंश नसतो, त्यामुळे ते मोजले जात नाही. टीडी किंवा टीडॅप, असे नाव घेऊनच मागावे. दुसरी चूक एमएमआरऐवजी एमआर घेण्याची: सरकारी केंद्रात मिळते ती एमआर, आणि तिच्यात गालगुंडाची लस नसते. प्रौढांसाठी एमएमआर आणि कांजिण्यांची लस गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडच्या बालरोगतज्ज्ञांकडे मागायला संकोच वाटतो, पण लसींचा साठा आणि शीतपेटीची व्यवस्था बहुधा त्यांच्याकडेच नीट असते. तिसरी चूक वेळेची आहे. एमएमआर आणि कांजिण्या या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर त्यांच्यात किमान २८ दिवस ठेवावेत. मुलांची क्षयरोगाची रक्तचाचणीही तपासणीत होते आणि जिवंत लसीनंतर थोड्याच दिवसांत ती केल्यास निकाल चुकू शकतो, म्हणून मुंबईच्या तारखेआधीच्या किमान चार आठवड्यांत मुलांना या लसी देऊ नयेत. गरोदर स्त्रियांना या दोन्ही लसी देत नाहीत. त्यांच्या फॉर्मवर तसे कारण नोंदवले जाते आणि व्हिसा त्यामुळे अडत नाही, मात्र गर्भधारणेची नुसती शंका असली, तरी ती सुई टोचण्याआधी सांगितलीच पाहिजे.

नाशिकमध्ये लस घेतल्यास कागदावर पासपोर्टवरील स्पेलिंगप्रमाणे नाव, जन्मतारीख, लसीचे आणि उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक, पूर्ण तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा. कुपीवरचे स्टिकर चिकटवून मिळाले, तर उत्तम.

मागील तारखेचे प्रमाणपत्र घेऊ नये

आम्ही शोधात असताना एकाने, ‘हवी ती तारीख टाकून लगेच प्रमाणपत्र देतो’, असे सांगितले होते. रांगेत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला तो मोह होणे मी समजू शकतो. पण जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे आढळले, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी होऊ शकते, आणि ज्यासाठी हा धोका पत्करायचा, ती गोष्ट म्हणजे दंडावरच्या तीन-चार सुया. नोंद नसणे हा गुन्हा नाही. ‘माझ्याकडे कागद नाहीत’, असे सरळ सांगणाऱ्या अर्जदाराला डॉक्टर लस देतात आणि फॉर्म पूर्ण करतात. धर्म किंवा नैतिक श्रद्धेमुळे लसच नको असेल, तर त्यासाठी सवलतीचा वेगळा अर्ज आहे, पण तो वेळखाऊ आहे.

मुंबईचा दिवस

तपासणी मुलाखतीच्या पुरेशी आधी ठेवावी, कारण काही निकाल यायला दिवस लागतात. आणि फार आधीही ठेवू नये, कारण अहवालाची मुदत साधारण सहा महिने असते व व्हिसाची मुदत तिच्याशी जोडलेली असते. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी दुपारची वेळ मागून घ्यावी. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, तर एक मुक्काम धरूनच निघावे, कारण लसीनंतर रात्री अंग कसकसते आणि परतीच्या प्रवासात त्यांचे हाल होतात. मूळ नोंदी, त्यांच्या दोन प्रती, जन्मदाखला, घेत असलेल्या औषधांची यादी आणि कोणत्याही लसीची अथवा औषधाची पूर्वी झालेली ॲलर्जी कागदावर लिहून न्यावी.

निघण्यापूर्वी भरलेल्या डीएस-३०२५ ची प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावरील नावाचे स्पेलिंग व प्रत्येक तारीख काउंटरवरच तपासावी. राहिलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मात्रा अमेरिकेत याच कागदावरून पुढे दिल्या जातात, आणि मुलांच्या शाळाप्रवेशालाही तोच लागतो. आम्ही त्याची एक प्रत सामानात, दुसरी हातातल्या पिशवीत आणि तिसरी नाशिकच्या घरी ठेवली आहे.